धागा: शीट शिकायला नवीन आलायसा? आधी तुमची वही काढा

कडोलीची_अक्का
नमस्कार मंडळी. दर रविवारी दुपारी आमच्या पडवीत सात-आठ जणं जमतात, कुणी कडोलीचंच, कुणी काकतीहून, एक काका तर शहापूरहून दोन बस बदलून येतात, आणि सगळ्यांना एक्सेल नाहीतर गूगल शीट शिकायचंय. लॅपटॉप दोनच, बाकी सगळे मोबाईलवर. आणि दर वेळी एकच होतं, नवीन बाई आली की पहिलं वाक्य "अक्का, मला यातलं काहीच येत नाही हं". ते ऐकलं की मला कसंतरीच होतं, कारण हीच बाई गेली पंधरा वर्षं महिला मंडळाचं कर्ज, हप्ता, व्याज एक पैसा न चुकता वहीत लिहितेय. हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला येतो, येत नाही ते फक्त कुठलं बटन कुठं आहे एवढंच, आणि ते दोन रविवारात येतं.

म्हणून हा धागा नव्या मंडळींसाठी. आधी गाव सांगा आणि तुमच्या वहीत काय लिहिता ते सांगा. दूध, भिशी, गणपतीची वर्गणी, मजुरांचे रोज, रताळ्याची पोती, काहीही. कुठलं व्हर्जन, कुठला कोर्स हे सगळं नंतर.

पहिल्या दिवशी मी फॉर्म्युला शिकवतच नाही. वही शीटवर आणताना कुठं अडतं ते आधी सांगते. वहीत आपण पानाच्या तळाला बेरीज मारतो, "पुढे नेले" लिहितो, पुढच्या पानावर "मागील पानावरून" लिहून तोच आकडा परत मांडतो. कागदावर ते बरोबरच आहे, पान संपतं ना. शीटचं पान संपत नाही. तिथं मधेच बेरजेची ओळ घातली की खालची बेरीज तिलाही धरते आणि रक्कम दुप्पट दिसते, आमच्या मंडळात असं एकदा झालं आणि अर्धा दिवस सगळ्या एकमेकींकडं बघत बसल्या होत्या की पैसे आले कुठून. तर एका ओळीत एकच नोंद, एका कॉलममधे एकच गोष्ट, वर एकदाच नावं, आणि बेरीज बाजूला नाहीतर वेगळ्या पानावर. एवढं जमलं तर निम्मं शिकलात.

जुन्यांना एक विनंती. उत्तर देताना "हे तर बेसिक आहे" असं कुणी लिहू नका. ते वाचून माणूस परत विचारत नाही.

---

संकेश्वर_मळा
अक्का नमस्कार, मी नवीन. गाव संकेश्वरजवळ. माझी वही म्हणजे आमच्या चार भावांच्या वाटणीचा कागद आहे. पहाणीवरून (म्हणजे आमच्याकडचा जमिनीचा सरकारी उतारा) प्रत्येक तुकड्याचं क्षेत्र उतरवून घेतलं, एकर-गुंठ्यात, म्हणजे १ एकर ३० गुंठे हे १.३० असं, २ एकर २५ गुंठे हे २.२५, आणि नुसते ३८ गुंठे हे ०.३८. मोबाईलवर बेरीज केली तर ३.९३ आलं. वडील म्हणायलेत की पाच एकरच्या वर आहे, लहानपणापासून तेच ऐकतोय. आता मोबाईल चुकणार नाही म्हणून मी वडिलांशी दोन दिवस भांडायलोय. खरं काय?

---

घाटवाट_खानापूर
वडील बरोबर आहेत, आधी त्यांना जाऊन सांगा, मग पुढचं वाचा.

एकराला ४० गुंठे. शीटला ते माहीत नाही, तिच्या दृष्टीनं टिंबाच्या पुढचे १०० झाले की एक पूर्ण होतो. म्हणजे १.३० हे तिनं पावणेदोन एकर धरायच्या ऐवजी १ एकर १२ गुंठे धरलं. असे क्षेत्र कधीही शीटच्या एका घरात, म्हणजे चौकटीत, टिंब देऊन लिहायचे नाहीत. दोन कॉलम करा, पहिल्यात एकर, दुसऱ्यात गुंठे. तिसऱ्या कॉलममधे सगळ्याचे गुंठे करा: एकर गुणिले ४० अधिक गुंठे. तुमचं बघा, ७० अधिक १०५ अधिक ३८, झाले २१३ गुंठे. त्याला ४० नी भागा, ५ पूर्ण जातात, १३ उरतात. ५ एकर १३ गुंठे.

शीटमधे भागाकारातला पूर्ण आकडा काढायला इंट आणि बाकी काढायला मॉड असे दोन फॉर्म्युले आहेत. इथं मी नावं मराठीत लिहितोय, तुम्ही शीटमधे इंग्रजी अक्षरांतच टाका आणि आधी बरोबरचं चिन्ह द्या, ते विसरलं की शीट फॉर्म्युला न चालवता नुसती अक्षरं दाखवते.

वाटणीच्या कागदावर सही व्हायच्या आधी विचारलंत ते फार चांगलं केलंत.

---

निपाणी_कागल_रोड
यात आमच्यासारख्यांची अजून एक अडचण आहे, माझी तीन तुकडे जमीन निपाणीकडं आहे आणि एक आजोळचा तुकडा पलीकडं कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. इकडच्या पहाणीवर एकर-गुंठे आणि तिकडच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर. हेक्टरला १०० आर, त्यामुळे तिथं मात्र टिंब चालतं, ०.८० म्हणजे खरंच ८० आर. गंमत अशी की एक गुंठा आणि एक आर जवळजवळ सारखेच, गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरच्या थोडं वर, आणि आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. म्हणून ८० आर म्हणजे साधारण ७९ गुंठे, १ एकर ३९ गुंठे.

मी पूर्वी दोन्ही एकाच कॉलममधे लिहायचो आणि बेरीज करायचो. आता "माप" नावाचा वेगळा कॉलम ठेवलाय, त्यात "गुंठे" नाहीतर "आर" लिहितो. सीमेवर राहणाऱ्यानं हा कॉलम ठेवायलाच पाहिजे असं मला वाटतं.

---

संकेश्वर_मळा
सांगितलं वडिलांना. काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली आणि चहा टाक म्हणाले आईला. जीव हलका झाला.

अजून एक विचारू का. त्याच शीटमधे सर्वे नंबरचा कॉलम आहे. एका तुकड्याचा हिस्सा १२/३ आहे, तो टाकला की त्याचं "१२ मार्च" होतंय. पुसून परत टाकलं, परत तेच. मग फॉरमॅट बदलून बघितलं तर ४५३६३ असा आकडा आला, तो कुठला?

---

कडोलीची_अक्का
विचारू का असं विचारायचं नाही, विचारायचं.

शीटला तिरकी रेघ दिसली की ती तारीख समजते. आणि तारीख ती आतमधे तारीख म्हणून ठेवतच नाही, १९०० सालच्या सुरुवातीपासून कितवा दिवस ते मोजून ठेवते. १२ मार्च २०२४ हा ४५३६३ वा, म्हणजे तुम्ही ते घर २०२४ साली भरलं असणार. यामुळेच एका तारखेतून दुसरी वजा केली की मधले दिवस मिळतात, कर्जाच्या व्याजाला हे फार कामाचं आहे. पण सर्वे नंबरचा घात होतो.

उपाय असा की आकडे भरायच्या आधी पूर्ण कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट "प्लेन टेक्स्ट" करायचा आणि मग भरायचं. भरून झाल्यावर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, मूळ १२/३ तोवर गेलेलं असतं, ते परत टाइपच करावं लागतं. एखाद-दुसरंच घर असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह (') देऊन लिहा.

आणि एक बघून घ्या, गूगल शीटमधे फाइल, सेटिंग्ज, लोकेल (म्हणजे देश) इथं भारत आहे का. अमेरिका असेल तर १२/३ म्हणजे ३ डिसेंबर धरलं जातं.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही बरं का. माणसाच्या शरीरातल्या काही जनुकांची नावं मार्च १, सेप्ट १ अशी दिसायची, आणि शास्त्रज्ञांच्या शीटमधे त्यांच्या तारखा होऊन बसायच्या. शेवटी २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं त्या जनुकांची नावंच बदलून टाकली. एवढ्या शिकलेल्या लोकांना जे जड गेलं त्यात आपण अडकलो तर कमीपणा कसला.

---

शहापूरचे_काका
दोन बस बदलून येणारा तो मीच. एका सहकारी सोसायटीत ३१ वर्षं रोजकीर्द आणि खतावणी लिहिली, निवृत्त झाल्यावर शीट शिकलो. नव्या लोकांना एक सांगावंसं वाटतं.

हे शीट कुठून आलं माहीत आहे का? १९७८ च्या सुमारास डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधे शिकत होता, तिथं फळ्यावर मोठं कोष्टक मांडायचे आणि त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून परत लिहायला लागायचे. त्याच्या मनात आलं की एक बदलला की बाकीचे आपोआप बदलणारा फळा असता तर. त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं मिळून १९७९ साली ॲपल-२ साठी व्हिजिकॅल्क काढलं. ६३ कॉलम आणि २५४ ओळी, बस एवढंच. आज एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात पण कल्पना तीच आहे.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यापुढं आमची मार्चअखेर आली. एका खात्यात १० रुपयांचा फरक आणि रात्री अकरापर्यंत चौघं जण पान पान ताडून बघतोय, खोडलेलं परत लिहितोय, शाईचे डाग. ज्या माणसानं तसं खोडून परत लिहिलंय त्याला शीट लवकर कळतं. कारण ते कुठल्या दुखण्यावरचं औषध आहे हे त्याला माहीत असतं. तेव्हा वय झालं, इंग्रजी येत नाही, असलं मनात आणू नका.

---

टिळकवाडी_डेटा
सगळ्यांचा आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. मी नोकरीत रोज हेच काम करतो. वहीतून सुरुवात ठीक आहे पण वहीच्या सवयी शीटमधे येतात त्याचं काय? मला गावाकडून ज्या शीट येतात त्यात एकाच कॉलममधे "बेळगाव", "बेळगांव", "बेळगावी" तिन्ही असतात. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, त्याच्या आधीच्या पावत्यांवर एक, नंतरच्यांवर दुसरं, आणि बोलताना तिसरं. माणसाला कळतं की गाव एकच, शीटला ती तीन गावं. पिव्होट केलं, म्हणजे गावाप्रमाणे बेरीज काढली, की तीन ओळी. शिवाय कुणीतरी नावाच्या शेवटी एक स्पेस सोडलेली असते, ती दिसत पण नाही, ते चौथं गाव. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी व्हॅलिडेशन (घरात ठरलेलंच भरू देणं), ट्रिम (जादा स्पेस काढणं), टेबल हे नीट पद्धतीनं शिकवलं तर पुढं सहा महिने सुधारत बसावं लागत नाही. आधी शिस्त, मग वही.

---

कडोलीची_अक्का
दादा तुमचं गावांच्या नावाचं शंभर टक्के खरं आहे आणि ते मी उद्याच आमच्यात सांगणार. ड्रॉपडाऊन करून द्यायची, त्यातूनच गाव निवडायचं, हाताने लिहायचंच नाही.

पण क्रम मी बदलणार नाही. व्हॅलिडेशन शिकवायला घेतलं की समोरची बाई मान हलवते आणि पुढच्या रविवारी येत नाही, हे मी पाहिलंय. तिच्याच यादीत तिचंच माहेर तीन वेळा वेगवेगळं मोजलेलं तिला दिसू दे, मग ती स्वतः विचारते की हे थांबवायचं कसं. त्या दिवशी ड्रॉपडाऊन पाच मिनिटांत शिकते आणि परत विसरत नाही. दुखायच्या आधी औषध दिलं तर ते उशाशी पडून राहतं.

---

उचगावची_सून
अक्का मी तुमचा धागा दोन दिवस नुसता वाचतेय, आज लिहिते. उचगाव. दोन गायी आहेत, एक एचएफ आणि एक जर्सी. डेअरीला दूध घालतो, प्रत्येक वेळची पावती मिळते, त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि दर. मी पावत्या डब्यात ठेवते आणि वहीत उतरवते. माझी शंका अशी की फॅट मधेच खाली जातं आणि दर पडतो पण केव्हा आणि का ते पावत्या बघून कळत नाही. मला त्याचा आलेख काढायचाय. शाळेत आलेखाचा कागद होता ना हिरव्या रेघांचा तसा. फक्त मोबाईल आहे. आणि एक प्रॉब्लेम झालाय, मी सगळे आकडे भरले, २६ दिवसांचे, पण बेरीज शून्य येतेय. चुकून सगळं पुसलं गेलं का? आकडे तर दिसायलेत.

---

घाटवाट_खानापूर
काही पुसलं नाही, घाबरू नका. एक बघा, तुमचे आकडे घरात डावीकडं चिकटलेत का उजवीकडं?

---

उचगावची_सून
डावीकडं.

---

घाटवाट_खानापूर
मग सापडलं. तुम्ही मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकलेत, शीट त्यांना आकडे न समजता अक्षरं समजली. आपण हात लावला नाही तर शीटमधे आकडा उजवीकडं सरकतो आणि अक्षरं डावीकडं राहतात, नव्या माणसानं ही एक खूण लक्षात ठेवली तर निम्म्या चुका डोळ्यानंच सापडतात. बेरीज अक्षरांना सोडून देते म्हणून शून्य. आकड्यांपुरता इंग्रजी कीबोर्ड घ्या, गायीचं नाव, शेरा वगैरे मराठीत लिहिलं तर काही बिघडत नाही. २६ दिवस परत टाकायचा कंटाळा येईल पण सगळं नको, "शोधा आणि बदला" वापरून ० ते ९ असे दहा वेळा बदलून घेता येतं. मोबाईलवर कटकट वाटली तर अक्कांच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांचं काम आहे.

आणि "३.८ %" किंवा "७ लि." असं घरात लिहिलं असेल तर लिटर, टक्के काढून टाका, ते वर कॉलमच्या नावात एकदाच लिहायचं.

---

उद्यमबाग_शिफ्ट
ताई आलेखाचं मी सांगतो. मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे, रोज किती कास्टिंग रिजेक्ट झाली त्याचा चार्ट भिंतीवर लावणं हे माझं काम, त्यामुळे यावर जरा जास्त बोलेन, चालवून घ्या.

शीट तुम्हाला वीस प्रकारचे चार्ट दाखवेल. आपल्याला सुरुवातीला दोनच लागतात. एखादी गोष्ट दिवसामागून दिवस कशी बदलते ते बघायचं असेल तर रेष, म्हणजे लाइन चार्ट. वेगवेगळ्या गोष्टींची आपसात तुलना करायची असेल तर दांडे, म्हणजे बार किंवा कॉलम. हे दोन्ही चार्ट विल्यम प्लेफेअर या स्कॉटलंडच्या माणसानं १७८६ मधे पुस्तकात छापले. इंग्लंडचा दुसऱ्या देशांशी व्यापार त्यानं वर्षांमागून वर्षं रेषेनं काढला, पण स्कॉटलंडचे त्याला एकाच वर्षाचे आकडे मिळाले, मग रेष कशाची काढणार, म्हणून त्यानं प्रत्येक देशाशी झालेल्या आयात-निर्यातीचे दांडे काढले. माझ्या हाताखाली नवीन पोरगं आलं की मी हीच गोष्ट सांगतो, आणि मग "सर, रेष घेऊ का दांडा" हे त्यानं कधी परत विचारलेलं नाही.

तुमचं फॅट रोज दोनदा मोजलं जातं, म्हणजे रेष. पण सकाळ आणि संध्याकाळ एकाच रेषेत घालू नका. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाचं फॅट मुळातच वेगळं असतं, एका रेषेत घातलं की करवतीसारखं वर-खाली दिसेल आणि खरी घट त्यात लपून जाईल. तीन कॉलम करा: तारीख, सकाळचं फॅट, संध्याकाळचं फॅट. मोबाईलवर तिन्ही कॉलम वरच्या नावांसकट निवडा, वर अधिकचं चिन्ह आहे ते दाबा, चार्ट निवडा, प्रकार लाइन. दोन रंगांच्या दोन रेषा येतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उभा अक्ष. फॅट ३.२ ते ४.२ च्या मधेच फिरतं. अक्ष शून्यापासून घेतला तर रेष वर सपाट दिसेल आणि तुम्हाला वाटेल काही बदललंच नाही. म्हणून रेषेला अक्ष ३ पासून घेतला तरी चालतो. पण दांड्यांना कधीही नाही. दांड्याची लांबी हाच आकडा असतो, तो खालून कापला तर ४० आणि ४४ मधला फरक दुप्पट-तिप्पट दिसायला लागतो. लोक असे चार्ट करून आणतात, मुद्दाम नसतं ते, शीटनं जसं दिलं तसं घेतात. दांडा शून्यापासून, हे मी नव्या पोरांना पहिल्या शिफ्टला सांगतो.

---

गल्ली_मंडळ_अनगोळ
जय गणेश. मी पण नवीन, मंडळाचा खजिनदार यंदा मला केलंय. वर्गणी आणि खर्चाची शीट झाली, आता बोर्डावर लावायला गोल चार्ट काढलाय, पण १४ तुकडे झालेत, मंडप, मूर्ती, लाइट, डॉल्बी, महाप्रसाद, पानसुपारी, पावती पुस्तकं, असं सगळं. रंग पुरेनात आणि आमच्या आजोबांना काही वाचता येईना.

---

उद्यमबाग_शिफ्ट
गोल चार्ट काढून टाका भावा. १४ तुकड्यात कुठला मोठा ते डोळ्याला कळत नाही. आडवे दांडे काढा, सगळ्यात मोठा खर्च वर, मग उतरत्या क्रमानं. क्रम लावायचं काम शीटमधे आधी करा, चार्ट तोच क्रम घेतो. आडवे यासाठी की "महाप्रसाद" सारखी नावं सरळ वाचता येतात, मान वाकडी करावी लागत नाही. क्रम उलटा आला तर अक्षाच्या सेटिंगमधे तो उलटवायची सोय आहे.

---

शहापूरचे_काका
थोडा मतभेद. बोर्डासमोर उभं राहणाऱ्या माणसाला "शंभरातले किती कशाला" एवढंच बघायचं असतं आणि ते गोलात पटकन कळतं. १४ नको, चारच करा: मूर्ती-मंडप, लाइट-आवाज, प्रसाद, बाकी. आणि त्याच्याच शेजारी तुमचे दांडे लावा. वर्गणी देणाऱ्याला दोन्ही बघायचा हक्क आहे.

आणि मंडळाच्या खजिनदाराला एक कळकळीचं सांगतो, देणगीदाराचा मोबाईल, खाते क्रमांक सगळ्यांना उघड्या शीटमधे ठेवू नका. आणि जिथं ठेवाल तिथं तो कॉलम प्लेन टेक्स्टच करा, कारण खाते क्रमांकाच्या आधीचं शून्य शीट गिळते, आणि एक्सेलला १५ अंकांच्या पुढचे अंक धरता येत नाहीत, तिथं ती शून्यं भरते. चुकीच्या खात्यावर परतावा गेला तर नाव मंडळाचं जातं.

---

गल्ली_मंडळ_अनगोळ
काका, शून्य खरंच गेलेलं आहे! तीन खात्यांचं. आत्ता पावत्यांवरून बघून नीट करतो. चारच तुकडे करून बघतो पण डॉल्बी वेगळी दाखवा असा दोघांचा आग्रह आहे.

---

घाटवाट_खानापूर
मी माझी वही सांगितलीच नाही. माझी वही पावसाची. वडिलांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला होता, रोज सकाळी साडेआठला मोजायचे, आता मी मोजतो. आमच्या इथून पुढं काणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस होतो आणि त्याच जिल्ह्यात अथणीला पाच-सहाशेच्या आसपास. पहिल्यांदा दोन्हींचा चार्ट काढला तेव्हा अथणीचा दांडा इतका बुटका आला की अथणीच्या मित्रानं फोटो बघून विचारलं आमचा कुठाय. त्याला वाईट वाटलं असणार. नंतर मी प्रत्येक गावाचा वेगळा चार्ट काढला, महिन्यांचे दांडे, आणि मग दिसलं की आमचा पाऊस जून-जुलै-ऑगस्टमधे कोसळतो आणि त्याचा मुख्य पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरकडं सरकलेला आहे. एकाच चार्टमधे सगळं कोंबलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं.

पाऊस नसला त्या दिवशी ० लिहायचं, आणि मोजायचं राहिलं त्या दिवशी घर रिकामं सोडायचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सरासरी काढताना शीट रिकामं घर सोडून देते आणि शून्य धरते. वडिलांच्या वहीत राहिलेल्या दिवशी आडवी रेघ आहे. किती बारकाईनं लिहिलंय त्यांनी.

---

टिळकवाडी_डेटा
हे शून्य आणि रिकाम्याचं मी नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी शिकलो. तुमच्या वडिलांच्या वहीत ते आधीपासून होतं. अक्का, तुमचं म्हणणं मला पटायला लागलंय.

एक माझ्याकडून, जुन्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांसाठी. फाइल सेव्ह करताना "९७-२००३" असा जुना प्रकार निवडू नका. त्यात ६५,५३६ ओळीच मावतात, पुढच्या तुटतात. २०२० साली इंग्लंडमधे याच जुन्या प्रकारामुळे कोरोनाचे जवळपास १६,००० रुग्ण मोजणीतून सुटले होते. आपल्या दुधाच्या वहीला एवढ्या ओळी लागणार नाहीत पण सवय चांगली असावी.

---

उचगावची_सून
झाला चार्ट! दोन रेषा, निळी सकाळची, लाल संध्याकाळची. अक्ष ३ पासून घेतला दादांनी सांगितल्यासारखं. निळी आणि लाल दोन्ही ९ तारखेपासून खाली उतरायलेत आणि १७ पासून परत वर. वहीत ९ तारखेला काय झालं ते शोधलं तर त्याच्या दोन दिवस आधी कडबा संपला होता, नवीन येईपर्यंत आम्ही नुसता हिरवा चारा आणि पेंड घालत होतो. १५ ला कडब्याची गाडी आली. सासूबाई म्हणाल्या अगं सुकं वैरण नसलं की दूध पातळ होतंच, आम्हाला माहीत आहे. मग मी म्हटलं माहीत होतं तर सांगितलं का नाही, तर म्हणाल्या तू विचारलंस कुठं. आता त्यांना रोज संध्याकाळी चार्ट दाखवायचाय मला, त्या चष्मा पुसून बघतात.

वैरणीचा कॉलम वाढवलाय. सुकं किती, हिरवं किती, पेंड किती. आता दोन गायींचं दूध डेअरीत एकत्रच मोजतात, तर कुठल्या गायीचं फॅट कमी आहे ते कसं कळणार?

---

घाटवाट_खानापूर
ते शीटला नाही कळणार ताई, जे वेगळं मोजलंच नाही ते वेगळं दाखवता येत नाही. डेअरीत विचारून बघा, आठवड्यातून एकदा दोन किटल्या वेगळ्या तपासून देतात का. तेवढ्या चार-पाच नोंदी पण पुरतील. आणि फरक मोठा दिसला तर जनावरांच्या डॉक्टरांना तो चार्टच दाखवा.

---

बैलहोंगल_शाळा
नमस्कार. मी बैलहोंगल तालुक्यात अंगणवाडीत काम करते. घरी मराठी बोलतो पण शिक्षण सगळं कन्नडमधे झालं, मराठी लिहिताना चुका होतील, माफ करा. माझी वही मुलांच्या वजनाची आहे, दर महिन्याची, ४१ मुलं. कुणाचं वजन दोन महिने वाढलंच नाही ते पटकन बघायचं आहे. पण वही पूर्ण कन्नडमधे आहे आणि काही याद्या नुडी या जुन्या कन्नड फॉन्टमधे टाइप केलेल्या, त्या मोबाईलवर उघडल्या की कसलीतरी चिन्हंच दिसतात. अशी वही घेऊन आलं तर चालेल का?

---

कडोलीची_अक्का
न चालायला काय झालं. मराठीत एक चूक नाही तुमच्या. शीटला कन्नड, मराठी दोन्ही सारखंच, मुलांची नावं कन्नडमधेच राहू देत, फक्त वजनाचे आकडे इंग्रजी कीबोर्डनं टाका. नुडीच्या जुन्या याद्या युनिकोडमधे बदलून मिळतात, परत टाइप करू नका, पेनड्राइव्हवर घेऊन या, टिळकवाडीचे दादा रविवारी येतील तर त्यांच्याकडून करून घेऊ. आणि प्रत्येक मुलाची एक ओळ, महिन्यांचे कॉलम आडवे, शेवटच्या घरात या महिन्याचं वजन वजा दोन महिन्यांपूर्वीचं. तो आकडा शून्य किंवा खाली असेल तर घर आपोआप लाल व्हावं अशी सोय असते, ती आपण तिथंच लावू.

कडोलीची बस बेळगावच्या स्टँडवरून मिळते. रविवारी दुपारी तीनला. बन्नी (या).

---

टिळकवाडी_डेटा
येतो. लॅपटॉप आणि एक्स्टेन्शन बोर्ड माझा.